नळ्यांच्या फटी

स्वरूपाबाईंनी पायाने भाता भरला आणि पट्टी दाबली. ऑर्गन बोलला नाही. त्यांनी दुसरी दाबून पाहिली, मग तिसरी. कपाटाएवढ्या त्या पेटीतून साधा हुंकारही उमटला नाही.

कमरेची किल्ली काढून त्यांनी पेटीमागचं दार उघडलं. आत उभ्या असलेल्या प्रत्येक नळीच्या पायाशी, जिथे आडवी फट असते तिथे, राखाडी लेप बोटाने दाबून बसवलेला होता.

"हे कुणी केलं?"

"लखननं. मीच सांगितलं." चर्चच्या पंचकमिटीचे बापूसाहेब पहिल्या बाकावर बसले होते. "तुमी बारामतीला भैनीकडं गेला तवा. दुसरी किल्ली माझ्यापाशी हाय. पुण्याचा मानूस यायचा, अन् हितं समद्या नळ्या फुटक्या. वारं भसाभसा भाईर."

लखन दारात उभा होता. बावड्यापासून लोणी देवकरपर्यंतच्या शेतांत पाण्याच्या पाइपलाइन जोडणारा हा माणूस. नळीला फट दिसली की बुजवायची, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं.

"आता एकीतनं बी वारं जात न्हाय," तो म्हणाला. त्याला शाबासकी हवी होती.

"हा काय उसाचा फड आहे? फट नव्हे ती. नळी तिथूनच बोलते. तू सगळ्यांची तोंडं लिंपलीस."

लखनचा चेहरा उतरला, मग ताठरला. "मला काय सपान पडतंय? घरची कामं टाकून केलं."

"त्याला कशापायी बोलता?" बापूसाहेब उठले. "ह्या दाराम्होरं पहारा तुमचा. कुनाला डोकावू दिलं न्हाय. वडलांनी तुमाला शिकवलं. तुमी कुनाला शिकवलं?"

स्वरूपाबाई नळ्यांकडे वळल्या. पुण्याचे ते जुन्या वाद्यांचे जाणकार थोड्याच वेळात येणार होते. ऑर्गनचा इतिहास आणि रचना ते टिपून नेणार. वाजण्याजोगा वाटला तरच दुरुस्तीची शिफारस करणार. नाहीतर तो काढून तिथे स्पीकर बसवायचं कमिटीने ठरवलंच होतं. बाईंनी सारं घोकून ठेवलं होतं : मिशनच्या काळात जहाजाने मुंबईला, भिगवण स्टेशनापासून बैलगाडीने इथवर, पट्ट्यांची एकच ओळ, स्वर बदलायच्या तीन खुंट्या, मोठ्या नळ्या देवदाराच्या, लहान कथील-शिशाच्या, भात्याचं कातडं इथल्याच मेंढ्यांचं.

"एक दावा कशी मोकळी करायची ती," लखन म्हणाला. "बाकीच्या मी करतो."

"हात लावू नकोस."

सर्वांत लहान नळी उपसून त्या केसातल्या आकड्याने लेप खरवडू लागल्या. लेप दगडासारखा झाला होता आणि धातू मऊ. जोर लावायचीही सोय नव्हती.

"करा एकट्याच," बापूसाहेब म्हणाले. "नाताळपत्तूर व्हईल."

नळी मोकळी झाली तेव्हा बाहेर गाडी थांबली. पाहुणे आत आले, नमस्कार करून पेटीभोवती कौतुकाने फिरले.

"वाजतो का?"

स्वरूपाबाईंनी हातातली नळी ओठांना लावून फुंकली. बारीक, स्वच्छ स्वर निघाला.

"सुंदर. आणि बाकीच्या?"

"सांगा की बाई," बापूसाहेब म्हणाले. "समदं तुमालाच म्हाईत."

बाई लखनकडे वळल्या. "इकडे ये." आवाजातली धार तशीच होती.

तो हलला नाही. "हात लावू नको म्हनलात."

"ये म्हणते ना."

तो पेटीमागे, त्या अरुंद दाराशी आला. त्यांनी त्याचा अंगठा धरून नळीच्या फटीवर दाबला आणि फुंकर घातली. काही उमटलं नाही. मग फुंकर न थांबवता त्यांनी त्याचा अंगठा बाजूला केला, आणि नळी बोलली.