पानाची डावी बाजू

"जेवता कोणत्या हाताने?" डॉक्टरांनी विचारलं.

चार दिवस त्र्यंबक उत्तरं पाठ करत होता. छपाईच्या ट्रेडल मशीनमध्ये हात कसा सापडला, टाके किती पडले, ताप किती दिवस राहिला. सगळं तोंडपाठ होतं. हा प्रश्न मात्र ध्यानीमनीही नव्हता.

टेबलाच्या बाजूला छापखान्यातला कारकून भाऊ बसला होता. मालकांनी त्याला कागद देऊन मुद्दाम बरोबर पाठवलं होतं. भाऊच्या तोंडी तीळ भिजत नसे. इथे जे बोललं जाईल ते संध्याकाळच्या आत अख्ख्या नौपाड्यात पोचणार होतं. मागे दारापाशी त्र्यंबकची बायको सुमती पदर आवळून उभी होती.

"अहो, साधा प्रश्न आहे," डॉक्टर म्हणाले. "उजव्या हाताची दोन बोटं गेली, तीन आहेत. जखम भरलीय. या तीन बोटांनी घास उचलता येत असेल, तर मशीनवर कागदही लावता येईल. मग सोमवारपासून कामावर जा. येत नसेल तर हात निकामी लिहितो, भरपाई मिळेल. दोन्हींतलं एक सांगा, म्हणजे झालं."

सोमवार म्हटल्याबरोबर त्र्यंबकच्या डोळ्यांपुढे मशीन आलं. ट्रेडलचा जबडा उघडतो आणि मिटतो, तेवढ्यात कागद लावून हात बाहेर काढायचा असतो. सकाळी शर्टाची बटणंदेखील सुमतीने लावून दिली होती.

खरं सांगायचं तर एकच वाक्य पुरे होतं. डाव्या हाताने जेवतो. पण डावा हात कशासाठी असतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. भाऊ मान पुढे काढून ऐकत होता.

"उजव्या," त्र्यंबक म्हणाला.

"नीट जेवता येतं?"

"हो. नीट."

डॉक्टर लिहायला लागले. माणूस लाजेपायी काय पणाला लावेल, सांगता येत नाही. याने उरलेली तीन बोटं लावली.

"खोटं आहे ते."

सुमती इतकं हळू बोलली की डॉक्टरांना परत विचारावं लागलं, "काय म्हणालात?"

"ते डाव्या हाताने जेवतात, डॉक्टरसाहेब."

"अगं, गप्प बस!" त्र्यंबक ओरडला.

ती गप्प बसली नाही. नवऱ्याकडे न बघता, टेबलावरच्या दौतीकडे बघत बोलत राहिली. "घरात सगळ्यांची जेवणं झाली की बसतात. मला म्हणतात, पान वाढ आणि जा. मग दार लावून घेतात. मला कोणी काही सांगितलं नाही. पण खरकटं मीच काढते ना. शितं रोज डाव्या अंगाला सांडलेली असतात. पहिल्या दिवसापासून."

भाऊने उगाच टोपी काढून बघितली आणि परत घातली. नवऱ्याची लाज अशी परक्यांपुढे उघडी करताना सुमतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण तो सोमवार तिच्याही डोळ्यांपुढे होता.

डॉक्टरांनी टेबलावरचा रूळ उचलून त्र्यंबकच्या उजव्या तळव्यावर ठेवला. "धरा."

त्र्यंबकने ओठ आवळले. बोटं अर्धी वळली, पण मिटली नाहीत. रूळ घरंगळत खाली गेला. तो भाऊनेच वाकून उचलला आणि काही न बोलता टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी लिहिलेली ओळ खोडली, खाली नवी लिहिली आणि शिक्का मारला.

तलावाच्या कडेने घरी येताना त्र्यंबक दहा पावलं पुढे चालत होता. तसा तो नेहमीच पुढे चालायचा, पण आज त्याने एकदाही वळून पाहिलं नाही. भाऊचं त्याला आता काही वाटत नव्हतं. भाऊ आज बोलेल, उद्या विसरेल. पण दोन महिने ज्या दारामागे आपल्याला कोणी बघत नाही असं तो समजत होता, त्या दारामागचं तिला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून ती रोज मुकाट्याने शितं गोळा करत होती. या विचाराने त्याला मान वर करवत नव्हती.

घरी मुलं शाळेतून यायची होती. सुमतीने स्वयंपाकघरात पाट मांडला, पान वाढलं आणि हाक मारली, "अहो, वाढलंय."

तो येऊन बसला आणि पानाकडे बघतच राहिला. चटणी आणि कोशिंबीर उजवीकडे होती. भाजी आणि आमटीची वाटी डावीकडे. लग्नाला बारा वर्षं झाली होती. सुमतीचं पान वाढण्यात कधी तीळभर चूक झाली नव्हती. पंगतीत असं वाढलं असतं, तर बायकांनी तिला उभ्या जन्मात विसरू दिलं नसतं.

"हे असं?" त्याने विचारलं.

"हाताशी यावं म्हणून."

त्र्यंबकने मान खाली घातली. डोळे भरून आले होते, आणि ते पुसायलाही त्याने डावा हात वर केला नाही. मग तो म्हणाला, "दार लाव."

सुमती उठली. तिने दार लावलं, आतून कडी घातली आणि त्याच्यासमोर येऊन बसली.