न उघडणारा आवाज

फोनने पुन्हा तेच सांगितलं. या प्रकारची फाइल इथे चालू शकत नाही.

धाकट्याने फोन टेबलावर उपडा ठेवला. आईने शिलाई मशीनवरून मान वर करून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरूनच तिला उत्तर मिळालं होतं.

बाबांच्या जाण्यानंतर कपाट आवरताना त्यांचा जुना बटणांचा फोन सापडला होता. बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलेलं. फोन काही सुरू झाला नाही, म्हणून धाकट्याने आतलं कार्ड काढून स्वतःच्या फोनमध्ये घातलं. कार्डावर एकच रेकॉर्डिंग होतं. तारीख हॉस्पिटलमधल्या दिवसांतली.

बाबा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचे. लिफ्टच्या खड्ड्यात उतरलं की फोन लागायचा नाही. मग घरी सांगायचं जे काही आठवेल ते फोनमध्ये बोलून ठेवायचं, अशी त्यांना सवय लागली. संध्याकाळी हातपाय धुऊन ते आईसमोर बसायचे आणि बटण दाबायचे. नवरा समोर गप्प बसलाय आणि बोलतोय त्याचा फोन, असं म्हणून आई हसायची. ऐकवून झालं की ते रेकॉर्डिंग पुसून टाकायचे. हे एक राहिलं, याचा अर्थ ते ऐकवायचं राहून गेलं होतं.

त्यात काय असेल, हे आईने कुणाला विचारलं नाही. पण ते ऐकायचंच, हे तिने मनाशी धरलं होतं. बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन करायचं ठरत होतं. धोका होता, पण आशाही होती. आणि अचानक कळलं, बाबांनीच नको म्हटलं. आई त्या दिवशी कपडे बदलायला घरी आली होती. परत गेली तेव्हा दोन्ही मुलांनी, ताईने आणि धाकट्याने, तिला बाहेरच बाकावर बसवून समजावून सांगितलं. तिने आत जाऊन बाबांचा हात धरला, का नको म्हणता, म्हणून विचारलं. ते तिच्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी डोळे मिटले. डॉक्टर विचारायला आले तेव्हाही त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर ते कुणाशी बोललेच नाहीत. माणूस मनाने खचला की असं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

आई रडली कमी, रागावली जास्त. एकदा मशीनवर दोरा ओवता ओवता ती म्हणाली, "मला एकटीला टाकून जायला इतके कसे तयार झाले, एवढं तरी सांगायचं होतं."

तेव्हापासून धाकट्याने त्या फाइलचा ध्यास घेतला.

त्याने फाइलच्या नावाचं शेपूट बदलून पाहिलं. फोन फसला नाही. सगळं काही वाजवतो म्हणणारं एक ॲप घेतलं. त्यातून नुसती खरखर आली. दुसऱ्या ॲपने आधी सगळ्या फोटोंची परवानगी मागितली आणि नंतर हात वर केले. बाजारातल्या मोबाइल दुरुस्तीच्या बाईंनी सांगितलं की जुने फोन आवाज आपल्या पद्धतीने आवळून ठेवायचे. नव्या फोनला ती गाठ सोडवता येत नाही. फाइल संगणकावर नेऊन नव्या प्रकारात बदलून घ्यावी लागेल.

ताईला त्याने फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, राहू दे ना, आई आत्ता कुठे सावरतेय. धाकट्याला ते पटलं नाही. आईसाठी एवढं तरी करू दे, असं तो म्हणाला. शेवटी ताई रविवारी येते म्हणाली.

ऑफिसातल्या संगणकावर त्याला तसा प्रोग्रॅम मिळाला. जेवणाच्या सुट्टीत बसून त्याने फाइल बदलून घेतली. हेडफोन शेजारीच होता. त्याने तो उचलला आणि परत ठेवला. त्या आवाजावर पहिला हक्क आईचा आहे, असं त्याला वाटलं.

रविवारी दुपारी तिघं टेबलाभोवती बसली. आईने मशीनवर कापड घातलं होतं आणि धुतलेली साडी नेसली होती. धाकट्याने फोन तिच्यासमोर सरकवला आणि बटण दाबायला तिलाच सांगितलं.

आधी पलंगाची करकर ऐकू आली. मग खोकला. तो खोकला ओळखून आईने तोंडावर पदर धरला. ताईने तिच्या पाठीवर हात ठेवला. धाकट्याचे डोळे भरून आले.

"ऐकतेस ना," बाबा म्हणाले. आवाज थकलेला होता, पण खुशीत होता. "मी ठरवलंय. ऑपरेशन करून घ्यायचं. डॉक्टर आले की हो म्हणून सांगतो. तू उगाच घाबरू नको. मला अजून तुझ्याबरोबर..."

दार किरकिरलं आणि बाबा बोलायचे थांबले.

ताईचा हात आईच्या पाठीवरून खाली आला. धाकट्याने फोनकडे हात नेला. आईने फोन दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला.

"झोपलेत," फोनमधून ताईचा दबका आवाज आला. "पण ते तयार आहेत रे. सकाळीच म्हणाले मला."

"तयार असू देत. नंतर वर्षभर अंथरुणावर, कोण करणार ते सगळं?" दाराजवळून धाकट्याचा आवाज आला. "आईला सांगू, त्यांनीच नको म्हटलं."