नाव घ्या

टेलिप्रॉम्प्टरच्या काचेवर माझी अक्षरं वर सरकत होती आणि भाऊसाहेब ती वाचताहेत, हे समोरच्या दहा हजार माणसांना कळत नव्हतं. हातात कागद न घेता तासभर बोलणारा नेता, ही त्यांची चाळीस वर्षांची ख्याती. निवडणूक महिन्यावर आलेली. भाषण लिहिणारा मी, काचेवर ते सरकवणाराही मीच.

"सावलीसारखी साथ देणाऱ्या माझ्या सहधर्मचारिणी, सौभाग्यवती..." भाऊसाहेब थांबले.

मी माझ्यासमोरच्या पडद्याकडे पाहिलं. पुढे नुसती टिंबं होती. आम्ही सगळे त्यांना वहिनीसाहेबच म्हणतो. नाव विचारून भरायचं होतं, ते राहून गेलं. पण बायकोचं नाव काय, ते घेतीलच की!

भाऊसाहेब टिंबांकडे बघत राहिले.

गर्दीला वाटलं, साहेब लाजले. "नाव घ्या! नाव घ्या!" लग्नघरासारखा गलका उठला. भाऊसाहेबांचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. कपाळावर घाम आला, तरी नजर काचेवरून हलेना.

तेवढ्यात मंचावरच्या वहिनीसाहेब उठल्या आणि माइक स्वतःकडे ओढून हसत म्हणाल्या, "अजून लाजतात हो! मीच घेते." त्यांनी झक्क उखाणा घेतला. टाळ्या थांबेनात. मी घाईघाईने टिंबं वर सरकवली आणि पुढचं भाषण सुरळीत पार पडलं.

सभेनंतर त्या माझ्यापाशी आल्या. मी माफी मागू लागलो, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"कालिंदी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "लिहून ठेवा. मुलांचीही नावं सांगते."