परदेशातली नदी

पट्टी सुटून चष्मा लागला आणि पेंटरनं बायकोकडे मुलाचा फोटो मागितला.

"अहो, आधी चहा तरी घ्या. डोळ्यांना ताण देऊ नका म्हणालेत डॉक्टर."

"मोतीबिंदू काय तुझी भांडी बघायला काढून घेतला?"

बाप-लेकाचं फाटलं होतं ते ब्रशवरून. पोरानं ब्रश धरायला साफ नकार दिला. "काहीतरी होऊन दाखव, मगच तोंड दाखव," असं पेंटर रागाच्या भरात बोलून बसला. पोरगा तेव्हाच घरातून गेला. पुढे तो परदेशात नोकरीला लागल्याची बातमी बायकोनंच आणली. मग फोटो आला, नदीकाठी उभा असलेला. अधू डोळ्यांना नुसता हिरवा-निळा रंग दिसायचा. तरी पेंटर आल्यागेल्याला तो कौतुकानं दाखवायचा. पोराची एकदा माफी मागायची, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

त्यानं स्वतःच फोटो भिंतीवरून काढला आणि खिडकीशी नेला. संथ नदी, दोन्ही काठांवर गच्च झाडी. तो बघतच राहिला.

"छान आहे ना नदी?" बायकोनं आतून विचारलं.

"छान आहे."

ती नदी त्यानंच रंगवली होती. कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओत मागे लावायचा पडदा होता तो. स्वतःच्या ब्रशचे फटकारे कोण विसरतो? पेंटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोटच्या पोरानं आईला फसवावं! मग त्याच्या लक्षात आलं, म्हणजे पोरगा इथेच आहे, याच गावात. त्याला रडू आलं. फोटो पिशवीत टाकून, चपला सरकवून तो निघाला.

फोटोग्राफर त्याचा जुना दोस्त. पेंटरनं फोटो त्याच्यापुढे ठेवला.

"मी भांडायला नाही आलो. फक्त त्याचा पत्ता दे. पाया पडून घरी आणतो. पण त्याच्या आईला यातलं काही कळता कामा नये. बिचारी जिवाला लावून घेईल."

फोटोग्राफर उगीचच भिंग पुसत राहिला.

"चूक माझी आहे, पेंटर," शेवटी तो म्हणाला. "नवा पडदा वेळेवर आला नाही. तुझं ऑपरेशन व्हायच्या आत दुसरा फोटो काढायचा होता. त्यासाठी वहिनी आदल्याच आठवड्यात त्याला घेऊन आल्या होत्या."