बारा जानेवारीची खूण

"ते अंघोळीला गेलेत," स्वयंपाकघराचं दार लोटून घेत सुजाता म्हणाली. "मुनव्वरभाई, आज गाडी चालू होऊ देऊ नका."

मुनव्वरने हातातली खुबूसची, गरम अरबी रोट्यांची, पिशवी ओट्यावर ठेवली. गेली तीन वर्षं तो दर शुक्रवारी, कुवेतमधल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी खैतानहून सबाह अल-सालेमला त्यांच्या घरी यायचा. इंग्लंडहून खोक्यांतून आलेल्या सुट्या भागांची एक उघडी, दोन सीटांची, जुन्या घाटाची स्पोर्ट्स कार त्याने आणि सुजाताच्या नवऱ्याने, नंदकुमारने, अंगणातल्या शेडखाली उभी केली होती. आज ती पहिल्यांदा सुरू व्हायची होती.

"का वहिनी?"

"मागच्या महिन्यात त्यांना आली ती चक्कर नव्हती. फिट होती. डॉक्टरांनी सहा महिने गाडीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय. ऑफिसला मी सोडते. पण या गाडीच्या बाबतीत ऐकतच नाहीत. फक्त गल्लीत एक फेरी मारतो म्हणतात. गल्लीत पोरं सायकली फिरवत असतात."

"त्यांना नीट सांगून बघा. असं लपून करणं बरं नाय."

"चार वेळा सांगितलं," सुजाता म्हणाली.

मुनव्वर शेडमध्ये गेला. सीटमागे वाकून त्याने पकडीने पेट्रोल पंपाच्या वायरची क्लिप दाबली आणि वायर ओढून काढली. एकच. पुन्हा बोटाने बसवता येईल अशी.

नंदकुमार नवा शर्ट घालून आला. त्याने किल्ली फिरवली. स्टार्टर फिरला, इंजिन पेटलं नाही. दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदाही नाही.

"पेट्रोल येत नाहीये," तो शांतपणे म्हणाला. सव्वीस वर्षं तो रिफायनरीत हेच करत आला होता, जिथे काही अडतं ते शोधणं. त्याने इंजिनापासून सुरुवात केली आणि एकेक सांधा तपासत मागे टाकीकडे येत गेला. नंदकुमार मागेल तो पाना मुनव्वर देत राहिला.

दीड तासाने वायर सापडली. तिचं टोक चिमटीत धरून नंदकुमार फरशीवर बसला. मग त्याने गाडीच्या जोडणीची वही मागितली. प्रत्येक सांधा त्याने स्वतःच्या अक्षरात तारीख घालून लिहिला होता आणि पुढे बरोबरची खूण केली होती.

"बारा जानेवारी. पंपाची वायर," त्याने वाचलं. "खूण माझीच आहे."

"निसटली असेल, नंदूभाई."

"ही क्लिप निसटत नाही." तो वहीकडेच बघत होता. "म्हणजे मी न जोडताच खूण केली. डॉक्टर म्हणाले होते, मधलं काही काही आठवणार नाही." त्याने पानं उलटली. "ब्रेकच्या पाइपांपुढेही माझ्याच खुणा आहेत. स्टिअरिंगपुढेही."

पाना घेऊन तो पुढच्या चाकाखाली आडवा झाला आणि ब्रेकचा पाइप खोलायला लागला. फरशीवर तेल ठिबकलं.

सुजाता चहाचा ट्रे घेऊन आली. "अहो, काय करताय?"

"सगळं उघडतोय," तो खालूनच म्हणाला. "तुझं बरोबर होतं. ही मी चालवणार नाही. रविवारी ऑफिस उघडलं की तिथेही सांगून टाकतो. माझ्या सहीवर तिथे व्हॉल्व्ह उघडतात. म्हणावं, माझ्या सहीवर विसंबू नका."

सुजाताने मुनव्वरकडे पाहिलं. तिला हवं होतं ते झालं होतं. तिने दिसेल न दिसेल अशी मान हलवली. राहू द्या, सांगू नका.

पाना नटावरून सटकला. नंदकुमारने तो पुन्हा बसवला, पुन्हा सटकला. तीन वर्षांत मुनव्वरने त्याच्या हातून पाना सटकताना पाहिला नव्हता.

"वायर तुम्ही जोडली होती," मुनव्वर म्हणाला. "सकाळी मी काढली."

चाकाखालचा आवाज थांबला.

"मीच सांगितलं त्यांना," सुजाता म्हणाली.

नंदकुमार सावकाश बाहेर आला. नव्या शर्टाची बाही तेलाने भिजली होती. त्याने बायकोकडे पाहिलं नाही.

"नक्की? मी जोडली होती?"

"होती. मला पकड लागली काढायला."

"बारा जानेवारीला?"

"माझ्यासमोर जोडलीत, नंदूभाई."

चाकाला पाठ टेकून तो डोळे मिटून बसला.

"फिट आली तेव्हा मला काही कळलं नव्हतं, सुजाता," तो शेवटी म्हणाला. "आज माझाच माझ्यावरचा भरवसा सुटत होता, आणि ते सगळं कळत होतं."

"मी घाबरले होते."

"माहीत आहे."

उठून त्याने पाइप घट्ट केला. वायर स्वतःच्या हाताने बसवली, क्लिप दोनदा ओढून पाहिली. मग तो सीटवर बसला. सुजाता ट्रे हातात घेऊनच गाडी आणि गेट यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. त्याने ते पाहिलं. गिअरला हात न लावता किल्ली फिरवली.

चार-पाच गिरक्या घेऊन इंजिन पेटलं. एकही ठोका न चुकवता ते एका सुरात चालत राहिलं. नंदकुमार स्टिअरिंगवर हात ठेवून ते ऐकत बसला; सुजाता गेटपुढून हलली नाही.