गाडीची दुखणी

गाडी विकत घ्यायला आलेल्या नर्सने तिच्याभोवती दुसरी फेरी मारली, खाली वाकून टायर पाहिले, बॉनेट उघडून पाहिलं. काका फाटकाला टेकून उभे होते. तोंडाला कुलूप होतं आणि त्या कुलपाची किल्ली स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या असलेल्या काकूंकडे होती.

तीन महिन्यांत तीन गिऱ्हाइकं येऊन गेली होती. गाडी वाईट नव्हती. पेट्रोलवरची, दिसायला छोटी, पण जमिनीपासून चांगली उंच. शोरूमवाले तिला क्रॉसओव्हर म्हणत, काका नुसतं ‘ही’ म्हणत. नऊ वर्षं एकाच हातात फिरलेली. घोडं अडत होतं ते काकांच्या जिभेपाशी. एकतीस वर्षं त्यांनी डेपोत बस चालवली होती. पाळी संपली की पुढच्या ड्रायव्हरच्या हातात किल्ली देण्याआधी गाडीचं एकेक दुखणं रजिस्टरात लिहायचं, हा तिथला शिरस्ता. न सांगता किल्ली देणं काकांना चोरीसारखं वाटे. त्यामुळे गिऱ्हाईक नुसतं ‘छान ठेवलीय’ म्हणालं, की हे दुखणी मोजायला लागत आणि गिऱ्हाईक चपला शोधायला लागे.

उद्या दोघं कायमची लेकीकडे राहायला निघणार होती. तिथे गाडी ठेवायला जागा नव्हती. आज ही विकली गेली नाही, तर पाच वाजता भंगारवाला येऊन नेणार होता आणि सुटे भाग करून विकणार होता. काका त्या विचाराने दोन दिवस नीट जेवले नव्हते. सकाळी चहा देताना काकूंनी बजावलं होतं, “आज एक शब्द बोलायचा नाही. तुमच्या खरेपणानंच ती भंगारात जाईल.”

नर्स घरोघरी जाऊन पेशंट बघायची. सकाळी सहाचा पहिला म्हातारा तिने इन्शुलिन दिल्याशिवाय घास घेऊ शकत नव्हता, आणि तिच्या स्कूटरने गेल्या महिन्यात तिला दोनदा दगा दिला होता. हे तिने कसलाही गाजावाजा न करता सांगितलं आणि गाडी चालवून बघायला मागितली. काका शेजारी बसले. चढावर क्लचने उशिरा पकड घेतली, तेव्हा त्यांनी जीभ चावली. खड्ड्यात पुढून ठक्क झालं, तेव्हा ते दुकानांच्या पाट्या मन लावून वाचू लागले.

परत आल्यावर नर्सने विचारलं, काही दुखणं आहे का. काका नाही म्हणाले. पेट्रोल किती खाते? ठीक. वर्षभरात काही मोठा खर्च? काकांनी खिडकीकडे पाहिलं आणि पुन्हा नाही म्हणाले. त्यांचे कान तापले होते.

नर्सने किल्ली फाटकाच्या कठड्यावर ठेवली.

“मग राहू द्या, काका. काहीच दुखत नाही म्हणणाऱ्या पेशंटची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.”

एकतीस वर्षांत काकांना कुणी खोटं पाडलं नव्हतं. त्यांचा चेहरा लाजेने उतरला. तेवढ्यात काकू ओल्या हातांनीच बाहेर आल्या. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं, आणि तो चेहरा त्यांना काही बघवेना.

“क्लच प्लेट घासत आलीय, वर्षात बदलावी लागेल,” त्या पाढा म्हटल्यासारख्या सुरू झाल्या. “खड्ड्यात पुढच्या चाकाचं बुश वाजतं. मागचं डावं दार आतून उघडत नाही. कंपनीवाले अठराचं ॲव्हरेज सांगतात, पण शहरात बारा देते. एसी लावला तर अकरा.”

“साडेअकरा,” काका म्हणाले. त्यांना राहवलंच नाही.

नर्सने बॅगेतून वही काढली. एकेक दुखणं लिहून घेत ती प्रत्येकाला ‘कधीपासून?’ असं विचारू लागली. आता काकांना कोण थांबवणार? क्लच कुठल्या मेकॅनिककडून करून घ्यायचा, बुश दोन्ही बाजूंची एकदमच का बदलायची, दार खोलून बघितलं तर किती खर्च येईल आणि न बघता चालवून घेतलं तर कसं चालतं, सगळं त्यांनी सांगितलं. साडेचार होत आले होते. हेही गिऱ्हाईक गेलं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. पण छाती मोकळी झाली होती.

नर्सने पेनाला टोपण लावलं. “आता एकच सांगा. सकाळी किल्ली फिरवली आणि सुरू झाली नाही, असं किती वेळा झालंय?”

काका विचारात पडले. त्यांनी नऊ पावसाळे आणि नऊ हिवाळे आठवून पाहिले. ते दवाखान्यात होते तेव्हा ही पंधरा दिवस जागची हलली नव्हती, तेही आठवलं. लेकीला कळा सुरू झाल्या ती कडाक्याच्या थंडीतली पहाट आठवली. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनाही काही आठवेना.

“एकदाही नाही,” ते म्हणाले.

“एकदाही नाही?”

“नाही. पहिल्या किल्लीला सुरू होते.”

नर्सने वही बॅगेत टाकली आणि कठड्यावरची किल्ली उचलली. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. तीन महिने, तीन गिऱ्हाइकं, आणि हा माणूस हे एवढं एक बोलला नव्हता.

काका गोंधळून दोघींच्या तोंडाकडे बघत राहिले.

“म्हणजे,” त्यांनी विचारलं, “हे पण सांगायचं असतं?”