वहिनीचं दुखणं

तानुबाईनं मनुबाईवहिनीची ओटी भरली आणि पदर घट्ट ओढून घेतला. पदराआड, डाव्या छातीत, हरभऱ्याएवढी गाठ होती. संक्रांतीपासनं. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

घराचा पुढचा सोपा बायकांनी भरला होता. मनुबाईच्या छातीचा कॅन्सर सांगलीत काढला, हे एव्हाना सगळ्या आष्ट्याला ठाऊक झालं होतं.

"बायामाणसाचा भोग गं ह्यो," शेजारची धोंडुबाई म्हणाली.

"आमच्या घराण्यात असलं कवाच न्हाई झालं," तानुबाई पटकन बोलली. तेवढाच तिला आधार होता. वहिनी परक्या घरातनं आलेली. तिचं दुखणं तिच्या रक्तातलं.

मनुबाईनं नणंदेकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

तेवढ्यात हंबीरराव आला. मनुबाईचा नवरा, तानुबाईचा थोरला भाऊ, रिटायर सुभेदार. काढलेल्या गाठीचा तुकडा तपासायला मुंबईला धाडला होता, त्याचा रिपोर्ट घेऊन तो आला होता. औषध त्यावरनंच ठरणार होतं. नुसत्या गोळ्या, का केस गळवणारी सलाईनं.

"गोळ्या लागू पडत्यात," हंबीरराव म्हणाला. "सलाईन नगं."

"मनुबाय, नशीब काढलंस बाई!" धोंडुबाई ओरडली. "आमचा म्हातारा मला यष्टीत बी बसवून देत न्हाई. आन् तुजा बग, सारख्या खेपा घालतोय!"

बायका हसल्या. हंबीरराव हसला नाही. त्यानं सदऱ्याच्या गुंडीला हात घातला. मनुबाई झटक्यात उठली.

"आवं, ऱ्हाऊ द्या. माझंच म्हणून चाललंय ते चालू द्या की. मला काय जड न्हाई त्येचं."

"लय झाकलंस तू माझं. आता बास."

त्यानं सदरा उघडला. उजव्या छातीच्या जागी लांबलचक, ताजा, लाल वण होता.

"एकाहत्तरच्या लढाईतला खांद्यावरचा वण गावभर दावलाय मी. ह्यो दावायची लाज वाटली. बायकांचा रोग म्हणून बायकोच्या नावावर घातला." त्याचा आवाज कवायतीच्या मैदानावरचा झाला. "डाक्टर म्हणला, गड्याला ह्यो झाला म्हंजी रक्तातनं आला असंल. सख्ख्या भणीला तपासून घ्या."

धोंडुबाईचा हात तोंडावर गेला.

तानुबाई उठली. भावासमोर जाऊन ताठ उभी राहिली.

"सुभेदाराची भण हाय मी," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "मला बी गाठ हाय, दादा. उद्या सांगलीला घिऊन चल."